खोड

ती दारामागे उभी असते, तोंड भिंतीकडे करून. घरात रांगतं पोर आलं की तिला उचलून आढ्याला खोचतात. पोर चालायला-समजायला लागलं की ती पुन्हा खाली येते. गेल्या पस्तीसेक वर्षांत ती अशी चार वेळा वर गेली आणि चार वेळा उतरली. त्या घरातली नातवंडं मोजायची तर जन्माचे दाखले काढायला नकोत, तिची चढउतार विचारावी.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट उतरून सिपना नदीपाशी येतो, तिथे सेमाडोह. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीला झाडाचं नाव, आणि तिच्या काठच्या घरात दारामागे ही कुऱ्हाड. गाव कोरकूंच्या रीतीचं: समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मध्ये ऐसपैस वाट, कुडाच्या भिंती स्वच्छ सारवलेल्या. त्यातल्या एका घरी मी वर्षानुवर्षं जातो. घरधन्याला मी बाबा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. अमरावतीला मी पदार्थविज्ञान शिकवत असे. एका पावसाळ्यात शिबिराची पोरं घेऊन सेमाडोहला गेलो, सिपनेला पूर आला, रस्ता बंद झाला आणि ओल्या लाकडांनी चूल पेटेना. तेव्हा बाबा आपली कुऱ्हाड घेऊन आले. भिजलेल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड त्यांनी अशा बेताने काढून दिलं, की मी खिचडी सोडून त्या कुऱ्हाडीकडेच पाहत बसलो.

दिसायला ती देखणी नाही. गाल काळेभोर, त्यांवर घणाच्या खुणा देवीच्या व्रणांसारख्या. धार तेवढी लखलखीत, म्हातारीच्या नाकातल्या चमकीसारखी. दांडा धावड्याचा. धावडा भारी चिवट, बैलगाडीचा आखही पूर्वी त्याचाच करत. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणून आपण दांड्याला जन्मभर नावं ठेवतो, पण त्या म्हणीत कुऱ्हाडीबद्दल चकार शब्द नाही. जणू तिला स्वभावच नाही, दांडा नेईल तिकडे जायचं. या घरात दांडे सात-आठ झाले असतील. ती तीच आहे.

जन्म मात्र मिश्र घराण्यातला. अंग जुन्या वखराच्या पासेचं, धार ट्रकच्या पाट्याची.

वखर वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. नांगर माती उलथतो; वखर ती वरवर खरवडत, तण कापत जातो. त्याच्या तळाशी आडवी लोखंडी पट्टी असते ती पास. काळ्या मातीत हंगामामागून हंगाम घासून ती निम्मी होते, मग तिला निवृत्ती. पासेचं लोखंड गरीब. वाकेल, चेपेल, पण मोडणार नाही. ही आईची बाजू.

बापाची कथा मोठी. बाबा सांगतात, परतवाड्याच्या डेपोला साग वाहून नेणारा एक ट्रक होता, त्याच्या मागच्या कमानीतला हा पाटा. घाटातला प्रत्येक खड्डा त्याने पाठीवर घेतला. पाट्याचं पोलाद खानदानी असतं: शंभर भागांत साधारण अर्धा भाग कार्बन, जोडीला थोडं सिलिकॉन, नाहीतर क्रोमियम. दाबा, सोडा, पुन्हा होता तसा. असं लाखो वेळा केल्यावर एके दिवशी, एरवीपेक्षा फार ओझं नसताना, तो कडकन मोडला. थकून मोडला म्हटलं तर कुणाला उपमा वाटेल, पण धातुशास्त्रात हाच शब्द आहे. एका झटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो त्याहून कितीतरी कमी जोर पुन्हा पुन्हा दिला तरी पोलाद मोडतं, हे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. असा थकून मोडलेला तुकडा हाती आला तर त्याचं तुटलेलं तोंड जरूर पाहा. एक भाग गुळगुळीत असतो, शिंपल्यावरच्या रेषांसारख्या रेषा असलेला. भेग तिथून दिवसेंदिवस मुंगीच्या पावलाने आत जात होती. दुसरा भाग खरबरीत; उरलेल्या अंगाने तिथे एकदम हाय खाल्ली.

पाट्याचा तुकडा लोहाराकडे गेला. तो लोहार मी पाहिलेला नाही, बाबांच्या नकलेतून ओळखतो. त्याने तुकडा दोरीला टांगला, हातोडीने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “बद्द वाजून राह्यला भाऊ हा. याच्या पोटात अजून भेग हाय. इथून तिथलोक कापून टाकतो, मंग पाय कसा वाजते त.” कापला. पुन्हा टिचकी. टण्ण. ही नक्कल करताना बाबा आजही डोळे मिटतात.

मग पास तापवून मधोमध दुमडली, दांड्यासाठी भोक सोडलं, दोन पदरांच्या मध्ये पाट्याची जीभ सरकवली, टाकणखार टाकला, लोखंड पांढरं होईतो तापवलं आणि घणाने आई-बापाला एक केलं. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा होता. भात्यावर बाबांचा थोरला पोरगा, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा.

मराठीत खोड म्हणजे झाडाचा बुंधा आणि खोड म्हणजे अंगचा दोष. एक नपुंसकलिंगी, एक स्त्रीलिंगी. आमची बाई पहिलं खोड फोडते ती दुसऱ्या खोडीच्या जिवावर. ते कसं, हे मला चाळीस वर्षं फळ्यावर नीट सांगता आलं नाही. सेमाडोहला एका संध्याकाळी अंगणात काडीने रेघा ओढल्यावर जमलं.

लोखंड हा स्फटिक आहे म्हटलं की वर्गात पोरांना खडीसाखर आठवायची. पण आहे खरा. त्यात अणू चौकोनी घरांच्या रांगांत बसतात, घराच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मध्ये एक. घरं इतकी बारीक की एका सेंटिमीटरात साडेतीन कोटी मावावीत. अशी काटेकोर वसाहत असेल तर तिची एक अख्खी चळत दुसऱ्या चळतीवरून सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब १९२६ साली याकोव फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने मांडला. उत्तर अफाट आलं. प्रत्यक्षात शुद्ध धातूचा स्फटिक त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जोरातही मुकाट सरकतो. एवढी चूक म्हणजे हिशेबाची चूक नसते. काहीतरी वेगळंच चाललेलं असतं.

मी अंगणात ओळीने रेघा ओढल्या, आणि एक रेघ मुद्दाम अर्ध्यातच सोडली. म्हटलं, बाबा, रांगा अशा असतात, पण कुठे कुठे एक रांग मध्येच संपते. बाबांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, “तिफनीचा एक नळा बुजला असन मास्तर.”

अशा मध्येच संपणाऱ्या रांगेच्या खोडीला इंग्रजीत डिसलोकेशन म्हणतात. त्या शब्दाचं याहून चांगलं मराठी मी वाचलेलं नाही. पेरताना तिफनीच्या तीन नळ्यांपैकी एक तुंबला की दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, पुढे जातात आणि तिसरं तिथेच थांबतं. फरक एवढाच की वावरात ती जागा रिकामी राहते आणि उगवण झाल्यावर शेतकऱ्याची अब्रू काढते. लोखंडात शेजारची तासं अंग चोरून जवळ येतात आणि फट बुजवतात. मात्र जिथे ते अर्धं तास संपतं तिथे सगळी ओढाताण साठून राहते.

आता गंमत पाहा. लग्नाच्या मांडवातली भली मोठी सतरंजी दोन हात पुढे ओढायची आहे. चौघांनी टोक धरून ओढली तरी ती हलत नाही, कारण सगळी एकदम जमिनीला घासते. अनुभवी म्हातारा येतो, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो. सतरंजी सरकली. अर्धं तास ही लोखंडातली सुरकुती. ते शेजारच्या अख्ख्या तासाला तोडतं, त्याचा निम्मा भाग स्वतःला जोडून घेतं, आणि आता अर्धं राहिलेलं तास एक घर पुढे असतं. असं एकेक घर करत खोड या काठावरून त्या काठावर जाते आणि अख्खा थर सरकतो. एका वेळी तुटतात थोडेच बंध, म्हणून जोर कमी लागतो. १९३४ साली ही कल्पना तिघांना वेगवेगळी सुचली: केंब्रिजला जेफ्री टेलर, आणि एगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी हे दोन हंगेरियन. त्या दोघांचे निबंध तर एकाच वर्षी एकाच जर्मन नियतकालिकात आले. तिघांपैकी कुणीही ही खोड डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती दिसली १९५६ साली, केंब्रिजमध्येच, पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांना, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. काळ्या बारीक रेघा, आणि त्या चक्क हलत होत्या. बावीस वर्षं केवळ तर्कावर उभी असलेली गोष्ट अशी सरपटताना दिसली तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल, याचा मला अजून हेवा वाटतो.

म्हणजे खोडीमुळे लोखंड मऊ होतं. मग कुऱ्हाड कठीण व्हावी म्हणून लोहाराने खोडी काढून टाकल्या असतील, असं कुणालाही वाटेल. वर्गातली हुशार पोरंही हेच उत्तर द्यायची. लोहार नेमकं उलट करतो. तो आणखी खोडी घालतो.

बांधकामाची मऊ तार घ्या आणि एकदा वाकवा. आता तिथेच सरळ करायला जा. ती त्या जागी सरळ होत नाही, शेजारी वाकते, आणि तारेत एक कुबड राहतं. वाकवताना तिथे इतकी अर्धी तासं जन्मली की त्यांचाच चेंदामेंदा झाला. आमच्या घाटात एक ट्रक वळणावर फसला की पुढचा-मागचा सगळा खोळंबा होतो, एसटी अडकते, दूधवाला अडकतो, साहेबाची जीपही अडकते. एकट्या गाडीला रस्ता मोकळा, गर्दीत कुणालाच नाही. खोडींचं तेच. चांगल्या मऊ केलेल्या लोखंडाच्या एका घनसेंटिमीटरात, म्हणजे हरभऱ्याच्या चार-सहा दाण्यांएवढ्या तुकड्यात, ही अर्ध्या तासांची टोकं एकापुढे एक मांडली तर शेकडो किलोमीटर भरतात. सेमाडोहहून मुंबई सहज गाठावी. तेच लोखंड थंड असताना भरपूर ठोकलं की लांबी दहा लाख किलोमीटर किंवा त्याच्याही पुढे जाते. चंद्रावर जाऊन परत यावं आणि तरी उरावी. इतक्या गर्दीत कुणी कुणाला हलू देत नाही, त्यालाच आपण कठीणपणा म्हणतो.

धुऱ्याची गोष्ट बाबांना सांगावीच लागली नाही. लोखंडाचा तुकडा म्हणजे एकच स्फटिक नसतो. लाखो कण एकमेकांना चिकटलेले, प्रत्येकाच्या रांगांची दिशा वेगळी. कण म्हणजे वावर आणि दोन कणांमधली सीमा म्हणजे धुरा. एका वावरात पूर्व-पश्चिम पेरलंय, पलीकडे तिरपं. वखर धुऱ्याशी आला की थांबतो, वळवावा लागतो. अर्धं तासही धुऱ्यापाशी अडतं. वावरं जितकी लहान तितके धुरे जास्त, लोखंड तितकं बळकट. १९५० नंतरच्या पहिल्या चार वर्षांत हॉल आणि पेच या दोन संशोधकांनी हा संबंध सूत्रात बांधला. आमच्याकडे भावकीत वावराचे तुकडे पडतात तेव्हा सगळे दुबळे होतात. लोखंडात मात्र तुकडे पडल्याने जोर येतो. धुऱ्यावरून होणारी भांडणं दोन्हीकडे सारखीच. लोहार तापवून ठोकतो तेव्हा जुने मोठे कण मोडून नवे बारीक कण उगवतात, आणि पाट्याच्या अंगातला बराचसा जुना शीण त्या आगीत जातो. भेग तेवढी आगीने जात नाही. म्हणून तो आधी कान लावून, कापून मोकळा झाला होता.

राहिलं पाणी. कुऱ्हाडीला पाणी पाजतात, हा शब्दप्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. पाणीदार माणूस हा शब्द लोहाराच्या भट्टीतून आला की मोत्यांच्या बाजारातून, यावर मी भांडायला तयार नाही, पण माझं मत भट्टीकडे आहे.

पाट्यातला कार्बन हा लोखंडाच्या घरातला पाहुणा. अणू लहान, त्यामुळे तो मोठ्या अणूंच्या मधल्या सांदीत बसतो. थंडीत लोखंडाची घरं अशी बांधलेली असतात की त्याला जवळजवळ जागाच नाही. लोखंड लाल झालं की घरांची मांडणीच बदलते, सांदी मोठ्या होतात आणि पाहुणे मजेत आत पसरतात. हळूहळू निवू दिलं तर ते सावकाश बाहेर पडून लोखंडासह आपलं वेगळं बिऱ्हाड करतात. पण धार लाल असतानाच लोहाराने चर्र्‌कन पाण्यात घातली तर पाहुण्यांना निघायला वेळच मिळत नाही. घरं जुन्या मांडणीकडे परतू पाहतात आणि आत अडकलेल्या कार्बनमुळे एका अंगाने ताणली जातात. अशा अडलेल्या पोलादाला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. त्यात अर्ध्या तासाला पाऊल उचलायला वाव नाही. धार काचेसारखी कठीण होते, आणि काचेसारखीच ठिसूळ.

खरा कसबी लोहार इथे ओळखू येतो. तो फक्त धार बुडवतो, अंग बाहेर ठेवतो. पासेच्या गरीब लोखंडात कार्बन इतका थोडा की त्याला पाणी चढत नाही. ते मऊच राहतं आणि आपली ऊब धरून असतं. धार बाहेर काढून तो विटेच्या तुकड्यावर घासतो आणि पाहत बसतो. अंगातली ऊब धारेकडे परत चालू लागते आणि घासलेल्या चकाकीवर रंग धावतात: आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हव्या त्या रंगाला पुन्हा पाणी. तेवढ्या उबेत काही कार्बन सुटतो, बारीक कण होऊन बसतो, आणि खोडींना थोडी हालचाल करता येते. धार कठीणही राहते आणि गाठीवर बसली तरी तडकत नाही. बाबांच्या लोहाराने आमच्या बाईला जांभळ्यावर थांबवलं होतं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. “मोराच्या मानेअगोदरचा रंग,” असं तो म्हणायचा म्हणे.

याची किंमत एकदा कळली. धार बोथटली होती आणि तो लोहार वारला होता. बाजाराला आलेल्या कुणा दुसऱ्याकडे बाबांनी ती दिली. त्याने ती उत्साहाने लालबुंद केली, सगळीच पाण्यात घातली आणि तशीच हातात दिली. घरी आली ती अशी कडक, की नखाने वाजवलं तरी कर्कश वाजे. तिसऱ्या दिवशी धावड्याच्या गाठीवर बसली आणि धारेतून कणसातल्या दाण्याएवढा तुकडा उडून कुडात घुसला. बाबांनी तो हुडकून काढला. तो मी जपून ठेवला आहे. तुटलेलं तोंड करडं, दाणेदार, कुठे वाकल्याची खूण नाही. नुसता ताठरपणा होता, वाकायला लागतात त्या खोडी जागच्या जागी खिळलेल्या होत्या. बाबा एवढंच म्हणाले, “लय पाणी पाजलं बायीले.” पुढे परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराने तिला चुलीच्या राखेत निवांत मऊ केलं, तो दाता घासून काढला आणि नव्याने पाणी दिलं. त्यात तिचं बोटभर अंग गेलं.

तिचं घराणं तसं फार जुनं. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नैकुंदला लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी. विदर्भातल्या शिलावर्तुळांत, माहूरझरीसारख्या ठिकाणी, पुरलेल्या माणसांजवळ लोखंडी कुऱ्हाडी ठेवलेल्या मिळतात. त्या पणज्यांना दांड्यासाठी भोक नव्हतं. सपाट पातं लाकडात बसवून आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं असे. मेलेल्या माणसाबरोबर जी वस्तू द्यावीशी वाटते, ती जिवंतपणी केवढी लाडकी असेल. त्या लोहारांनाही अर्धं तास ठाऊक नव्हतं. रंग मात्र त्यांनीही पाहिले असणार.

कुणी म्हणेल, हा सगळा खोडींना खोडीने अडवायचा खटाटोप कशाला, एकही खोड नसलेलं लोखंडच का करू नये? केलं आहे. सिडनी ब्रेनर या अमेरिकन संशोधकाने १९५६ साली लोखंडाचे केसाहून बारीक तंतू वाढवून ओढून पाहिले. त्यांत खोड जवळजवळ नव्हती. चांगल्यातला चांगला तंतू दर चौरस मिलिमीटरला तेराशे किलोच्या आसपास ताण सोसून गेला. साधं बांधकामाचं लोखंड चाळीस-पन्नास किलोतच हात टेकतं. फ्रेंकेलचा हिशेब खरा निघाला. पण तंतू जाड करायला गेलं की खोड शिरते आणि जोर ओसरतो. एकदा तिने आत पाऊल टाकलं की तिला अडवायला आत कुणीच नसतं, ना धुरा, ना गर्दी, ना पाहुणा. अशा निष्कलंक लोखंडाची कुऱ्हाड अजून कुणी केलेली नाही, आणि केली तरी धावड्याच्या गाठीवर मी ती मारून पाहणार नाही.

आणि पूर्ण निष्कलंक काही होतही नाही. स्फटिकात काही घरं मुळातच रिकामी असतात, अणूच नसतो. अर्धं तास निदान कल्पनेत तरी काढून टाकता येईल. ही रिकामी घरं अंगात ऊब आहे तोवर राहणारच, तो उष्णतेचा नियम आहे. जितकं तापवाल तितकी ती वाढतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे लोखंडाच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे, फक्त तिथे मरणं म्हणजे उणे २७३ अंशांपर्यंत गार होणं. सेमाडोहच्या थंडीत एवढी सोय नाही.

तिचा दिनक्रम आता बेताचा आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली झाला, तिच्या जन्माच्याही आधी. त्यामुळे हत्यार घेऊन जंगलात शिरण्याची मुभा तिला कधी नव्हतीच. वाघाच्या राज्यात राहून तिने वाघाचं रान पाहिलेलं नाही. तिचं जग म्हणजे अंगणातलं जळण, कुंपणाचे खुंट, डवऱ्याचा मोडलेला दांडा ताशीव करणं, आणि पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवं झालं की चार माणसांबरोबर जाऊन वाट मोकळी करणं. या शेवटच्या कामाला ती निघाली की बाबा तिला धुऊन-पुसून नेतात. पाहुण्यांच्या घरी निघाल्यासारखं.

धार ते स्वतः लावतात, वाळूच्या दगडावर पाणी टाकून, घाई न करता. अंगठ्याचं नख आडवं फिरवून पाहतात. दरवेळी रेसभर अंग झिजतं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पातं चार बोटं होतं, आता अडीच. पाट्याची जीभ पासेच्या पोटात किती आत गेली आहे हे बाहेरून कळत नाही. ती संपली की खाली नुसती पासच उरेल, आणि पासेला धार धरत नाही. बाबांना हे माझ्या आधी कळलं होतं.

मागच्या खेपेला निघताना त्यांनी मला थांबवलं. परतवाड्याहून येताना पाट्याचा एक तुकडा आणायला सांगितला. ट्रकचाच पाहिजे, जीपचा पातळ असते. मोडलेला चालेल.

“पण घेताना वाजवून घ्या बरं, मास्तर.”